हिवाळ्याची सात गाणी : प्रस्तावना

२१ नोव्हेंबर २०११ रोजी केट बुश यांचा ‘फिफ्टी वर्ड्स फॉर स्नो’ हा अल्बम प्रकाशित झाला, तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. गाणी फक्त सात, पण एकूण वेळ सुमारे ६५ मिनिटं. सर्वांत मोठं गाणं साडेतेरा मिनिटांचं, सर्वांत छोटंही जवळजवळ सात मिनिटांचं. तीन-चार मिनिटांत आपलं म्हणणं उरकणाऱ्या पॉप संगीतात हा ऐसपैसपणा विरळा. वाद्यं मोजकी आहेत. पियानो, बास, ड्रम, गिटार, मधूनच व्हायोलिन-चेलोंचा मोठा ताफा, आणि मध्यभागी पूर्वीपेक्षा खालच्या पट्टीत स्थिरावलेला, दाट झालेला आवाज. सातांपैकी सहा गाण्यांत बर्फ आहे. सातव्यात तो नाही, आणि का नाही, हे पहिली सहा ऐकल्यावरच समजतं.

या पुस्तिकेचा विषय एवढा एकच अल्बम आहे. एका अल्बमवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी इतकं त्यात काय आहे, हा प्रश्न वाचकाच्या मनात येईल आणि तो रास्त आहे. माझं उत्तर थोडक्यात असं: जे हातात राहणार नाही त्याच्यावर प्रेम कसं करावं, या एकाच प्रश्नाभोवती ही सातही गाणी फिरतात. बुश यांनी त्या प्रश्नाला शब्दांत जेवढं उत्तर दिलं आहे, त्याहून जास्त लयीत, वाद्यांच्या निवडीत आणि शांततेत दिलं आहे. म्हणून हा अल्बम नुसता वाचून दाखवता येत नाही. तो कसा घडला आहे, ते उलगडून पाहावं लागतं.

आधी थोडी ओळख. केट बुश यांचा जन्म ३० जुलै १९५८ चा. बालपण लंडनच्या आग्नेयेला, केंट परगण्याच्या सीमेवरच्या वेलिंगमधल्या एका जुन्या शेतघरात गेलं. वडील डॉक्टर, आई आयरिश, घरात लोकसंगीत आणि कविता, दोन्ही थोरले भाऊ कलांच्या नादातले. लहान वयातच त्या पियानो वाजवू लागल्या आणि लगेच स्वतःची गाणी रचू लागल्या. ‘पिंक फ्लॉइड’चे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांच्या कानावर ती गाणी पडली. त्यांनी पदरचे पैसे घालून १९७५ मध्ये या मुलीची काही गाणी नीट स्टुडिओत ध्वनिमुद्रित करून घेतली. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. १९७८ मध्ये एमिली ब्राँटेच्या कादंबरीवर रचलेलं त्यांचं ‘वदरिंग हाइट्स’ हे गाणं ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. स्वतः लिहिलेलं गाणं त्या स्थानावर नेणाऱ्या त्या पहिल्या गायिका.

त्या गाण्यातला आवाज ज्यांच्या लक्षात आहे, त्यांना २०११ चा अल्बम ऐकताना पहिला धक्का तिथेच बसतो. विशीच्या उंबरठ्यावरच्या केट बुश तारसप्तकात वीज कडाडावी तशा गात. पुढे त्यांनी ध्वनिमुद्रणाचं तंत्र हाती घेतलं, फेअरलाइट या संगणकी वाद्यावर हुकमत मिळवली, आणि ‘द ड्रीमिंग’ (१९८२) व ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ (१९८५) यांत आवाजांचे थरावर थर रचले. त्या काळातलं त्यांचं संगीत गच्च भरलेलं आहे. कुजबुज, आरोळ्या, आयरिश वाद्यं, ढोल, पाण्याखालचे आवाज, सगळं एकाच वेळी. १९९३ च्या ‘द रेड शूज’नंतर त्यांनी बारा वर्षं एकही अल्बम काढला नाही. या काळात मुलगा झाला, घर आणि संसार सांभाळला. २००५ मध्ये ‘एरिअल’ हा दुहेरी अल्बम आला, तेव्हा संगीतात मोकळी हवा शिरल्याचं जाणवत होतं. तरी ‘एरिअल’ हे मुख्यतः उन्हाचं, पाखरांचं, लांबलेल्या उन्हाळी दिवसाचं संगीत आहे. हिवाळा अजून यायचा होता.

तो आला त्याच्या आधी सहा महिने, मे २०११ मध्ये, त्यांनी ‘डायरेक्टर्स कट’ नावाचा वेगळाच अल्बम काढला. १९८९ आणि १९९३ च्या दोन अल्बममधली अकरा गाणी त्यांनी पुन्हा हाती घेतली, आणि मुख्य गायन व ड्रम नव्याने मुद्रित केले. कित्येक गाण्यांची पट्टी खाली आणली. ‘धिस वुमन्स वर्क’ हे गाणं तर पूर्णपणे नव्याने, संथ आणि जवळजवळ रिकाम्या जागेत मांडलं. तरुणपणी जिथे एक वाक्य गाऊन पुढे जायचं, तिथे आता त्या थांबत होत्या. हा अल्बम ऐकला की वर्षअखेरीच्या बर्फाची तयारी दिसते. आवाज बदलला आहे हे त्यांनी मान्य केलं, आणि बदललेल्या आवाजाला कोणतं संगीत शोभेल, याचा त्या शोध घेत होत्या. तो शोध ‘फिफ्टी वर्ड्स फॉर स्नो’मध्ये पूर्ण झाला.

आता पियानोबद्दल. या पुस्तिकेतलं एक संपूर्ण प्रकरण त्यावर आहे, कारण अल्बमची गुरुकिल्ली तिथेच आहे असं मला वाटतं. आपल्या कानाला सवय आहे ती तंबोऱ्याच्या अखंड झंकाराची आणि हार्मोनियमच्या भात्याची. भाता चालू आहे तोवर स्वर चालू राहतो, हवा तर वाढवता येतो. पियानोत तसं नाही. पट्टी दाबली की नमद्याने मढवलेली लाकडी हातोडी तारेवर आदळते आणि लगेच मागे येते. त्या क्षणापासून स्वर विझू लागतो. वादकाला तो पुन्हा फुगवता येत नाही. पायाखालची पेडल दाबून ठेवली तर तारा मोकळ्या राहतात आणि विझणं लांबतं, एवढंच. म्हणजे पियानोचा प्रत्येक स्वर जन्मतःच मावळतीला लागलेला असतो. बहुतेक वादक हे झाकण्यासाठी स्वरांची गर्दी करतात. बुश इथे नेमकं उलट करतात. एक स्वरगुच्छ वाजवतात आणि तो विरत जाताना ऐकू देतात. मग दुसरा. या दोन स्वरगुच्छांमधली जागा हीच या अल्बममधली बर्फाळ जमीन आहे. वितळणाऱ्या गोष्टींची गाणी विझणाऱ्या स्वरांवर उभारायची, हा निर्णय एका जाणत्या रचनाकाराचा आहे.

ख्यालाच्या विलंबित लयीत ज्यांचे कान तयार झाले आहेत, त्यांना या संथपणाशी जुळवून घेणं अवघड जाणार नाही. फरक एवढाच ध्यानात ठेवावा की इथे उपज नाही. प्रत्येक थांबा आधी ठरवलेला, रचलेला आहे. विस्तार रागाचा होत नाही, गोष्टीचा होतो.

पहिलं गाणं ‘स्नोफ्लेक’. आकाशातून खाली येणारा हिमकण स्वतःची हकीकत सांगतो. ढगात तरंगणाऱ्या धुळीच्या सूक्ष्म कणाभोवती बर्फ धरतो आणि त्याचा स्फटिक होतो, हे विज्ञान सांगतं. गाण्यातल्या हिमकणालाही आपल्या पोटातली ती धूळ ठाऊक आहे. हिमकणाचा हा आवाज बुश यांचा नाही. तो त्यांच्या मुलाचा, अल्बर्टचा आहे. घरातलं आणि चाहत्यांतलं त्याचं नाव बर्टी. १९९८ चा त्याचा जन्म, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या वेळी तो आवाज फुटण्याच्या वयाच्या अगदी काठावर होता. इंग्लंडमध्ये चर्चच्या गायनवृंदात मुलांच्या उंच, निर्मळ आवाजाची शतकांची परंपरा आहे, आणि हिवाळ्यातल्या प्रार्थनागीतांशी तो आवाज कायमचा जोडला गेला आहे. तो काही वर्षांपुरताच असतो हेही तिथे सर्वांना माहीत असतं. बुश यांनी हे गाणं मुलाच्या त्या आवाजासाठीच रचलं. वरून हिमकण बोलतो आणि खालून आई खोल आवाजात त्याला धीर देते: जगात फार गलबला आहे, तरी तू येत राहा, मी तुला शोधून काढीन. गाण्यात ती हिमकणाशी बोलते. ध्वनिमुद्रणात एक आई जाऊ घातलेल्या आवाजाला निरोप देते आहे. दोन्ही अर्थ एकमेकांत इतके मिसळले आहेत की वेगळे करून दाखवू नयेत.

‘लेक टाहो’ची सुरुवात दोन पुरुषांच्या शास्त्रीय पाश्चात्त्य गायकीने होते. स्टेफन रॉबर्ट्स आणि मायकेल वुड हे ते दोघे. कॅलिफोर्निया आणि नेवाडा यांच्या सीमेवरचं हे सरोवर पाचशे मीटरपर्यंत खोल आहे आणि तळाशी कायम गारठलेलं. तिथे बुडालेली माणसं वर येत नाहीत अशी दंतकथा आहे, आणि जुन्या काळच्या पेहरावातली एक स्त्री अधूनमधून पाण्यावर दिसते अशीही. बुश यांच्या गाण्यात ही स्त्री आपल्या कुत्र्याला हाका मारते आहे. घरी म्हातारा कुत्रा झोपेत पाय हलवतो, तिच्याकडे धावत सुटतो. भुताची गोष्ट भीतीकडे न नेता मायेकडे नेण्याची ही रीत त्यांना ‘वदरिंग हाइट्स’पासूनच साधलेली आहे. फरक इतकाच की तेव्हा भूत खिडकीवर थापा मारत होतं, आता ते शांतपणे वाट पाहतं.

‘मिस्टी’ हे साडेतेरा मिनिटांचं गाणं वरवर पाहता हास्यास्पद वाटावं असं आहे. एक स्त्री दिवसा बर्फाचा पुतळा करते, रात्री तो तिच्या खोलीत येतो, सकाळी अंथरुणावर ओल उरलेली असते. ही गोष्ट तीन मिनिटांत सांगितली असती तर चेष्टाच झाली असती. बुश तिला वेळ देतात, आणि ऐकणारा हळूहळू हसणं विसरतो. ज्याला उराशी धरलं की तो आपल्याच उबेने संपतो, अशा माणसावर प्रेम करण्याची ही कहाणी आहे. ती ज्यांच्या वाट्याला आली आहे त्यांना या गाण्यात थट्टेचा लवलेशही सापडणार नाही. इथे स्टीव्ह गॅड यांचे ड्रम लक्ष देऊन ऐकावेत. ‘स्टीली डॅन’च्या ‘एजा’ (१९७७) मधल्या दणदणीत वादनासाठी जगभरचे ड्रमवादक ज्यांना मानतात, ते गॅड इथे बहुतेक वेळ हात राखून वाजवतात. पियानोच्या मागून चालतात, तो थांबला की थांबतात. गाणं तापत जातं तेव्हाच त्यांचा हात मोकळा होतो. अशी साथ करायला फार मोठा वादक लागतो.

‘वाइल्ड मॅन’मध्ये बुश हिमालयात येतात आणि हा अल्बम आपल्या ओळखीच्या मुलखात शिरतो. कांचनजंगा, दार्जिलिंग, मेघालयातले गारो डोंगर अशी ठिकाणं या गाण्यात येतात. विषय आहे यती. १९२१ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेला ल्हाकपा ला या खिंडीत मोठ्या पाऊलखुणा दिसल्या. त्या बातमीवरून कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’मध्ये लिहिणाऱ्या हेन्री न्यूमन यांनी ‘अबॉमिनेबल स्नोमॅन’ हे नाव रूढ केलं, आणि पाश्चात्त्य जगाने हा प्राणी घृणास्पद ठरवून टाकला. १९५१ मध्ये एरिक शिप्टन यांनी मेनलुंग हिमनदीवर काढलेल्या पाऊलखुणांच्या छायाचित्रांनी त्याचा माग काढण्याचं वेड आणखी वाढवलं. बुश त्या वेडाच्या विरुद्ध बाजूला उभ्या राहतात. त्यांच्या गाण्यातल्या माणसांना बर्फात पाऊलखुणा सापडतात तेव्हा ती माणसं त्या पुसून टाकतात, मागून येणाऱ्या शिकाऱ्यांना त्या दिसू नयेत म्हणून. १९५५ मध्ये जो ब्राउन आणि जॉर्ज बँड कांचनजंगावर पहिल्यांदा पोहोचले, तेव्हा सिक्कीमच्या लोकांच्या श्रद्धेचा मान राखून ते माथ्याच्या काही फूट अलीकडे थांबले. या गाण्याची नीती मला त्या थांबण्याच्या जातीची वाटते. एखाद्याला न पकडणं, त्याचा पत्ता न सांगणं हीसुद्धा प्रेमाची कृती असते. हिमकणाला झेलू पाहणाऱ्या आईपासून सुरू झालेला प्रवास इथे वळण घेतो, म्हणून अल्बमच्या मधोमध असलेलं हे गाणं मी त्याचा कणा मानतो.

‘स्नोड इन ॲट व्हीलर स्ट्रीट’ हे एल्टन जॉन यांच्याबरोबरचं युगुलगीत. बुश यांच्या किशोरवयातले ते आवडते पियानोवादक-गायक. १९९१ मध्ये त्यांच्या ‘रॉकेट मॅन’ची बुश यांनी स्वतःच्या ढंगात पुनर्रचनाही केली होती. गाण्यात दोन प्रेमी युगानुयुगं एकमेकांना भेटतात आणि हरवतात: रोम जळत असताना, दुसऱ्या महायुद्धात, ११ सप्टेंबरच्या न्यूयॉर्कमध्ये. दोघेही मोठे पियानोवादक असून इथे दोघांचेही उतारवयाकडे झुकलेले कंठच पुढे राहतात. एल्टन जॉन यांनी अलीकडच्या काळात इतकं उघडं, इतकं कातर फार थोड्या ठिकाणी गायलं असेल.

शीर्षकगीतात नट आणि लेखक स्टीफन फ्राय एका प्राध्यापकाच्या भूमिकेत बर्फाची पन्नास नावं एकामागून एक उच्चारतात, आणि बुश आकडे मोजत त्यांना पुढे ढकलतात. ध्रुवप्रदेशातल्या लोकांकडे बर्फासाठी असंख्य शब्द आहेत, ही समजूत मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्या १९११ मधल्या एका साध्या उदाहरणावरून वाढत गेली, आणि भाषाशास्त्रज्ञांनी ती पुढे खोडूनही काढली. बुश यांनी त्या वादात न पडता बहुतेक नावं स्वतःच घडवली आहेत. खेळकर वाटणाऱ्या या गाण्यातही तोच ध्यास आहे: जे क्षणात आकार बदलतं, त्याला नावं देत राहण्याचा. नावं संपतात, बर्फ पडतच राहतो.

आणि मग ‘अमंग एंजल्स’. इथे बर्फ नाही, ड्रम नाहीत, भूत नाही, यती नाही. पियानो, आवाज, आणि हळूच येणारे तंतुवाद्यांचे सूर. वाद्यवृंदाची रचना जोनाथन ट्युनिक यांची. स्टीफन सॉन्डहाइम यांच्या संगीतिकांसाठी दशकानुदशकं वाद्यरचना केलेले हे गृहस्थ. कोणत्या शब्दाखाली किती तारा वाजाव्यात, हे त्यांच्याइतकं थोड्यांना कळतं. गाणं एका खचलेल्या व्यक्तीला उद्देशून आहे. तुझ्याभोवती आधार आहे, तुला तो दिसत नाही इतकंच, असा त्याचा आशय. त्यात उन्हाळ्याची एक झलकही येऊन जाते. सहा गाणी निसटत्या गोष्टींच्या मागे फिरल्यावर सातवं सांगतं की काहीतरी सगळा वेळ जवळच होतं. बर्फाचा अल्बम असा बर्फावाचून संपतो.

अल्बम ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत गेला. नाताळच्या तोंडावर येऊनही त्यात नाताळचं एकही गाणं नव्हतं. १९८० मध्ये बुश यांनी स्वतः असं एक लोकप्रिय गाणं केलं होतं, तेव्हा ती वाट त्यांना माहीत होती. ती त्यांनी घेतली नाही. पुढे २०१४ मध्ये, १९७९ च्या दौऱ्यानंतर ३५ वर्षांनी, त्यांनी लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये २२ प्रयोग केले. प्रयोगाच्या अखेरीस एकट्यानेच पियानोसमोर बसून त्यांनी गायलं ते ‘अमंग एंजल्स’च. रंगमंचावर तोवर सोळा वर्षांचा झालेला बर्टीही होता, आता मोठ्या माणसाच्या आवाजात गाणारा. २०२४ मध्ये बुश यांनी ‘लिटल श्रू’ हा छोटा ॲनिमेशनपट लिहून दिग्दर्शित केला. युद्धात होरपळणाऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या ‘वॉर चाइल्ड’ या संस्थेच्या मदतीसाठी तो होता. चित्रं जिम के यांच्या रेखाटनांवर आधारलेली, आणि संगीत ‘स्नोफ्लेक’चं. एका घरातल्या मुलाचा जपून ठेवलेला आवाज तेरा वर्षांनी जगातल्या अनोळखी मुलांच्या कामी आला. कला टिकते ती अशी.

पुढच्या पानांत प्रत्येक गाण्यावर एक प्रकरण आहे. त्याशिवाय पियानोवर एक, आणि गॅड, बासवादक डॅनी थॉम्पसन व जॉन गिब्लिन, गिटारवादक डॅन मॅकिंटॉश, आणि बुश यांच्या सुरुवातीपासूनचे सहकारी, ध्वनिमुद्रक डेल पामर यांच्यावर एक. गाण्यांच्या ओळी कुठेही उद्धृत केलेल्या नाहीत. आशय मराठीत सांगितला आहे आणि लक्ष संगीताकडे वेधलं आहे, कारण इंग्रजी उच्चार न समजणाऱ्या श्रोत्यालाही हा अल्बम पूर्णपणे भेटू शकतो, अशी माझी खात्री आहे.

वाचकाला एकच विनंती. आधी अल्बम ऐकावा, मग प्रकरणं वाचावीत. सातही गाणी दिलेल्या क्रमाने, सलग, दुसरं काहीही न करता ऐकावीत. पासष्ट मिनिटं लागतील. गाणी तुकड्यांत तोडून ऐकण्याची सवय आपल्या हाताला जडली आहे, आणि ‘मिस्टी’ चौथ्या मिनिटाला सोडून दिलं तर फक्त एक विचित्र गोष्ट हाती लागते. वय वाढलं की कलावंताला देण्यासारखं कमी उरतं, असा समज पॉप संगीताच्या व्यवहारात पक्का बसलेला आहे. केट बुश यांनी तो पन्नाशीनंतर, आपल्या बदललेल्या आवाजानेच खोटा पाडला. विशीतल्या केट बुश यांना हा अल्बम करता आला नसता. त्यासाठी काही गमवावं लागतं, गमावलेल्याशी वैर न धरता जगायला शिकावं लागतं, आणि मग पियानोसमोर बसून एक स्वर पूर्ण विझेपर्यंत थांबण्याचा धीर अंगी यावा लागतो. तो धीर त्यांनी कसा मिळवला आणि संगीतात कसा उतरवला, हे दाखवण्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे.